नवीन कीबोर्ड जुन्या पीसीला का चालत नाही, आणि चालवायचा कसा

जुना डेस्कटॉप ठणठणीत असतो, त्याच्यावर रोजचं काम चालू असतं, आणि कधीतरी त्याचा कीबोर्ड राम म्हणतो. दुकानात आता मिळतो तो यूएसबीचाच. दुकानदार सोबत एक छोटासा जांभळा ॲडॅप्टर देतो, एका बाजूनं यूएसबी, दुसऱ्या बाजूनं गोल पिना, म्हणतो लावा बिनधास्त. लावला तर बसतो पण झकास, पीसी चालू होतो आणि स्क्रीनवर येतं, कीबोर्ड एरर, पुढं जायला एफ वन दाबा. आता कीबोर्डच चालत नाहीये तर एफ वन दाबायचं कशानं? मग कीबोर्ड बदलून आणायचा, तोही तसाच, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं की पीसीच जुना झालाय, पोर्ट गेलं असणार, टाका भंगारात.

हे असं चांगलं मशीन भंगारात जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा कीबोर्ड पण चांगला असतो आणि पीसी पण चांगला असतो. दोघांची बोलायची पद्धत वेगळी आहे आणि मधला तो ॲडॅप्टर फक्त तारा एकमेकींना जोडतो, बाकी काहीही करत नाही, एवढाच सगळा घोळ आहे. प्लग बसणं वेगळं आणि बोलणं जुळणं वेगळं, हे एकदा डोक्यात बसलं की कीबोर्डच काय, माऊस, मॉनिटर, प्रिंटर सगळ्यांचे प्रश्न तुमचे तुम्हालाच सोडवता येतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आणि जुने पीसी वापरतंय कोण असं वाटत असेल तर एखाद्या तालुक्याच्या गावातल्या प्रिंटिंग प्रेसमध्ये डोकावून बघा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं जुन्या फॉन्टमध्ये केलेलं, फायली वीस वीस वर्षांच्या, सॉफ्टवेअर चालतं ते विंडोज ९८ किंवा एक्सपीवर, आणि त्याचं हार्डवेअर लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालतच नाही तो छोटा ठोकळा, बसतं प्रिंटरच्या त्या जुन्या रुंद पोर्टात, ज्याला पॅरलल पोर्ट म्हणतात. वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनला प्रोग्राम पाठवणारा पीसी बघा, तोही तसाच. तो पीसी बदलणं म्हणजे नुसता पीसी बदलणं नाही, अख्खी बसलेली घडी मोडणं आहे.

गोल पिन, मोठी पिन आणि यूएसबी

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ ला आला, त्याचा कीबोर्ड ८३ कीजचा आणि पिन जाडजूड, आत पाच काड्या. १९८४ ला आयबीएमनं एटी नावाचं मशीन काढलं, पिन तीच ठेवली पण बोलायची पद्धत बदलली. पहिल्या पद्धतीत कीबोर्ड बोलणार आणि पीसी ऐकणार, बस. एटीमध्ये पीसीला पण कीबोर्डला उलट काहीतरी सांगता यायला लागलं, उदाहरणार्थ कॅप्स लॉकचा दिवा लाव. म्हणून अगदी जुना एक्सटी, म्हणजे त्या पहिल्या पद्धतीचा पीसी असेल तर एटीचा कीबोर्ड त्याला बसतो पण चालत नाही, त्या काळच्या काही कीबोर्डांच्या खाली एक्सटी आणि एटी असं बारकं स्विच असायचं ते यासाठीच. बसतो पण चालत नाही ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

मग १९८७ ला आयबीएमची पीएस-२ मालिका आली, तिच्यात पिन लहान झाली, सहा काड्यांची, जी आपण सगळ्यांनी बघितलीय, नंतर कीबोर्डला जांभळा आणि माऊसला हिरवा रंग आला ती. इथं मात्र फक्त पिन बदलली, बोलणं एटीचंच राहिलं. त्यामुळं ४८६ किंवा सुरुवातीच्या पेंटियम प्रोसेसरच्या पीसीला जी जाडी पिन असते तिला पीएस-२ कीबोर्ड लावायला साधा तारांचा ॲडॅप्टर पुरतो आणि तो शंभर टक्के चालतो. आणि मग १९९६ ला यूएसबी आलं, त्यात पिन पण बदलली आणि बोलणं पण मुळापासून बदललं. ॲडॅप्टर दोन्हीकडं दिसायला सारखाच, इवलासा, म्हणून लोकांना वाटतं की तिथं चालला तर इथं पण चालेल.

ए दाबल्यावर नक्की काय होतं

पीएस-२ कीबोर्डवर तुम्ही ए दाबलंत की कीबोर्ड स्वतःहून पीसीला एक आकडा पाठवतो, २८. सोडलंत की आधी २४० आणि मग परत २८, म्हणजे ती मघाचची की सोडली. प्रत्येक आकडा अकरा बिटांचा होऊन एकाच तारेवरून जातो, सुरुवातीचा एक बिट, मग आठ आकड्याचे, मग तपासणीचा एक आणि शेवटचा एक, आणि शेजारच्या दुसऱ्या तारेवर घड्याळाचा ठोका असतो, तो ठोका पण कीबोर्डच देतो. कामाच्या तारा चारच, डेटा, ठोका, पाच व्होल्ट आणि ग्राउंड. पीसीच्या मदरबोर्डवर यासाठी एक खास कंट्रोलर बसलेला असतो, आकडा आला की तो प्रोसेसरला लगेच थांबवून सांगतो की की दाबली गेलीय. कीबोर्ड कुणाला विचारत बसत नाही.

यूएसबीमध्ये उलटं आहे. शाळेत बाई हजेरी घेतात तसं पीसी प्रत्येक उपकरणाला सारखं विचारत राहतो, तुझ्याकडं काही आहे का, तुझ्याकडं काही आहे का, आणि उपकरणानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही. साध्या कीबोर्डला हे असं सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा विचारलं जातं. उत्तर म्हणून कीबोर्ड आठ बाइटचा एक छोटा तक्ता देतो, पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट वगैरे, दुसरा रिकामा, आणि उरलेल्या सहांत या क्षणाला दाबलेल्या सहा कीजपर्यंतचे नंबर. आणि ए चा नंबर इथं २८ नाही तर ४. त्याच्याही आधी, कीबोर्ड लावल्या लावल्या पीसी त्याला एक पत्ता देतो, तू कोण, कुठल्या प्रकारचा, किती करंट लागेल असं सगळं विचारून घेतो, आणि मग काम सुरू होतं.

आता तो जांभळा ॲडॅप्टर डोळ्यासमोर आणा. त्यात चिप नाही, काही नाही, चार तारा इकडच्या तिकडं. जुन्या पीसीचं पीएस-२ पोर्ट कधी हजेरी घेतच नाही, ते वाट बघतंय की कीबोर्ड स्वतःहून बोलेल, आणि यूएसबी कीबोर्ड वाट बघतोय की कुणीतरी विचारेल. दोघंही गप्प. कुणीच खराब नाही.

मग हा ॲडॅप्टर बनवलाच कशाला? तर मधल्या काळात, म्हणजे यूएसबी नवीन होतं आणि पीएस-२ अजून गेलं नव्हतं तेव्हा, कंपन्या कीबोर्डात अशी चिप टाकायच्या जिला दोन्ही पद्धती येतात. करंट मिळाला की ही चिप आधी दोन तारा तपासते. पीएस-२ पोर्टात दोन्ही तारा पाच व्होल्टकडं ओढून धरलेल्या असतात, यूएसबी पोर्टात त्याच तारा रेझिस्टर लावून खाली ग्राउंडकडं ओढलेल्या असतात. तारा वर असतील तर चिप समजते की आपण जुन्या पोर्टात आहोत आणि स्वतःहून २८ वगैरे पाठवायला लागते, खाली असतील तर यूएसबी सारखी वागते. म्हणजे शहाणपण सगळं कीबोर्डाच्या आत, ॲडॅप्टर नुसता रस्ता. त्यामुळं नियम सोपा आहे, ज्या कीबोर्डाच्या खोक्यातच कंपनीनं ॲडॅप्टर दिला होता किंवा खोक्यावर पीएस-२ चालेल असं छापलंय तोच असा चालेल. आत्ताचे बरेचसे कीबोर्ड, विशेषतः लाइटिंगवाले गेमिंगचे, फक्त यूएसबी जाणतात. महाग आहे म्हणजे सगळं येत असेल असं धरू नका, कित्येकदा साधा स्वस्त कीबोर्डच इथं चालून जातो.

चालतोय का हे ओळखायची एक खूण सांगतो जी मला सगळ्यात भरवशाची वाटते. पीसी चालू करताना कीबोर्डचे तीन दिवे बघा, नम लॉक, कॅप्स लॉक, स्क्रोल लॉक. क्षणभर तिन्ही लागून विझले म्हणजे कीबोर्डला करंट मिळाला आणि त्यानं स्वतःची तपासणी केली, एवढंच. खरी परीक्षा पुढं, नम लॉक दाबा. दिवा लागला आणि परत दाबल्यावर विझला तर समजा दोन्ही बाजूंनी बोलणं चालू आहे, कारण तो दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनानं लावत नाही, की दाबल्याची बातमी पीसीला जाते आणि पीसी उलट हुकूम देतो तेव्हाच तो लागतो. रंगीत लाइटिंग झगमगतंय याचा अर्थ काहीच नाही, त्याला फक्त पाच व्होल्ट लागतात.

आणि हो, पीएस-२ ची पिन पीसी चालू असताना काढू घालू नका. यूएसबी ची सवय लागल्यामुळं हे सगळेच करतात. पीएस-२ त्यासाठी बनवलेलंच नाही, एक तर पीसी बहुतेक वेळा नवीन लावलेला कीबोर्ड परत चालू केल्याशिवाय ओळखत नाही, आणि दुसरं म्हणजे पोर्टाजवळ मदरबोर्डवर एक इवलासा फ्यूज असतो तो उडू शकतो, मग कीबोर्ड आणि माऊस दोन्ही एकदम बंद. लाइटिंगवाला करंटखाऊ कीबोर्ड ॲडॅप्टरनं तिथं लावण्यात पण हाच धोका आहे.

पीसीला यूएसबी आहे तरी कीबोर्ड चालत नाही

पेंटियम थ्री, पेंटियम फोरच्या काळातल्या बोर्डांना मागं यूएसबी असतंच, मग ॲडॅप्टर कशाला, सरळ तिथं लावू. बरोबर आहे, पण तिथं एक वेगळीच अडचण येते.

विंडोज चालू व्हायच्या आधी पीसीवर फक्त बायोस असतो, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधलं, पीसी सुरू करून देणारं छोटं सॉफ्टवेअर. त्याला पीएस-२ कंट्रोलर माहीत असतो, यूएसबी माहीत असेलच असं नाही. त्या काळच्या बायोसमध्ये यूएसबी कीबोर्ड सपोर्ट किंवा यूएसबी लेगसी सपोर्ट नावाची एक सेटिंग असते, बऱ्याच बोर्डांवर ती इंटिग्रेटेड पेरिफेरल्सच्या पानावर सापडते. ती चालू केली की बायोस स्वतः यूएसबी कीबोर्डची हजेरी घेतो आणि पीसीला असं भासवतो की जणू पीएस-२ कीबोर्डच लावलाय, अगदी विंडोजच्या आधीच्या डॉसला सुद्धा फरक कळत नाही. फार सुंदर सोय आहे ही, पण जुन्या बोर्डांवर ती बऱ्याचदा बंदच असते, आणि चालू करायला बायोसमध्ये जायला लागतं, आणि बायोसमध्ये जायला कीबोर्ड लागतो.

म्हणून एक जुना पीएस-२ कीबोर्ड कायम जवळ ठेवा, एखादं बटण मेलेला असला तरी चालेल, डिलीट, बाण, एंटर आणि एफ टेन चालले की झालं. तो लावायचा, सेटिंग चालू करायची, जमलं तर तिथंच हॉल्ट ऑन नावाची सेटिंग कीबोर्ड सोडून बाकी सगळं अशी करायची म्हणजे कीबोर्ड नसला तरी पीसी अडून बसणार नाही, सेव्ह करायचं आणि बंद करून यूएसबी वाला लावायचा.

आता पुढचा भाग नीट वाचा कारण इथं लोक फसतात. हे सगळं केलं, महिनाभर छान चाललं, मग एक दिवस लाइट गेली आणि आल्यावर परत कीबोर्ड एरर. लोकांना वाटतं कीबोर्ड उडाला. बघायची असते ती बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२. ती संपली की पीसीचा करंट पूर्ण गेल्यावर बायोस सगळ्या सेटिंग विसरतो आणि मूळच्या सेटिंगवर जातो, म्हणजे यूएसबी लेगसी सपोर्ट परत बंद. तारीख पण मागं गेलेली दिसेल, तीच खूण. जिथं लाइट सारखी जाते तिथं तर ही बॅटरी आधी बदला आणि मगच बाकीचं करा, किरकोळ पैशात येते.

काही बोर्डांचा बायोस लेगसी सपोर्ट चालू असूनही नवीन कीबोर्ड ओळखत नाही. कारण नवीन गेमिंग कीबोर्ड स्वतःला नुसता कीबोर्ड म्हणून सांगत नाहीत, एकाच वायरीत दोन तीन उपकरणं असल्यासारखं सांगतात, एक कीबोर्ड, एक मीडिया बटणांचा, एक सगळ्या कीज एकदम दाबता याव्यात यासाठीचा, कधी आत हब पण असतो. जुन्या बायोसला ते आठ बाइटचं साधं बोलणंच कळतं, त्याला बूट प्रोटोकॉल म्हणतात. काही कीबोर्डांना मागं स्विच असतं किंवा एखादं की कॉम्बिनेशन असतं ज्यानं ते साध्या मोडवर येतात, मॅन्युअलमध्ये बायोस मोड किंवा सिक्स की असं काहीतरी लिहिलेलं असतं ते शोधा. आणि वेगाची काळजी करू नका, पीसीचं यूएसबी १.१ आणि कीबोर्ड २.० असला तरी अडत नाही, साधा कीबोर्ड यूएसबीच्या सगळ्यात हळू वेगावर म्हणजे सेकंदाला १.५ मेगाबिटवरच चालतो.

यूएसबी पोर्टच नसलेल्या पीसीला पीसीआय यूएसबी कार्ड, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत बसणारं यूएसबी पोर्टांचं कार्ड, लावायचा सल्ला पण मिळतो. विंडोज ९८ सेकंड एडिशन किंवा एक्सपीमध्ये पेनड्राइव्हसाठी उत्तम, पण कीबोर्डसाठी अपुरा, कारण बोर्डाच्या बायोसला ते कार्ड माहीतच नसतं, त्यामुळं विंडोज चालू होईपर्यंत कीबोर्ड मुका. एफ एट दाबून सेफ मोडला जायचं असेल तर काय करणार?

विंडोज ९८ मध्ये अजून एक गोष्ट होते. बायोसच्या जिवावर चाललेला कीबोर्ड विंडोज वर आलं की अचानक बंद पडतो कारण आता विंडोज स्वतः यूएसबी ताब्यात घेतं, नवीन हार्डवेअर सापडलं म्हणून खिडकी उघडतं आणि नेक्स्ट दाबायला सांगतं, कधी सीडी मागतं. त्या वेळेला पीएस-२ माऊस लावलेला असू द्या, त्यानं नेक्स्ट नेक्स्ट करता येतं. आणि एकदा ज्या पोर्टात बसवलाय त्याच पोर्टात कायम ठेवा, पोर्ट बदललं की विंडोजला परत नवीन वाटायची शक्यता असते. विंडोज एनटी ४ ला तर मायक्रोसॉफ्टनं यूएसबी सपोर्ट दिलाच नाही, तिथं पीएस-२ च बरा.

मधे चिप असलेला कन्व्हर्टर

पीसीला फक्त पीएस-२ किंवा जाडी पिन आहे आणि कीबोर्ड फक्त यूएसबी जाणतो, अशा वेळी एकच उपाय, मधे अशी वस्तू हवी जी कीबोर्डच्या बाजूनं हजेरी घेईल, ४ आला की त्याचं २८ करेल आणि पीसीच्या बाजूनं ठोक्यासकट पाठवेल. याला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर म्हणतात.

इथं सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या वस्तूवर जातात. बाजारात एक वायर सगळीकडं मिळते, एक यूएसबी टोक आणि दोन शेपट्या, एक जांभळी एक हिरवी. तिच्यात चिप असते हे खरं, पण ती उलट कामाची आहे, जुना पीएस-२ कीबोर्ड नवीन पीसीला लावायची. तुमचा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड पीएस-२ पिनेचा असेल आणि नवीन पीसीला गोल पोर्ट नसेल तर ती घ्या, छान चालते. आपल्याला हवीय ती दुसरी दिशा, आणि त्या दिशेची वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा नसते.

सुदैवानं जुन्या मशीनवर जीव असलेल्या लोकांनी हे काम करून ठेवलंय. एचआयडीमॅन नावाचा एक ओपन सोर्स कन्व्हर्टर आहे, तो यूएसबी कीबोर्ड माऊस घेतो आणि पीएस-२, एटी, अगदी एक्सटी च्या पद्धतीनं बोलतो. दुसरा पीएस२एक्स२पिको, तो रास्पबेरी पाय पिको या स्वस्त बोर्डावर चालतो, सोल्डरिंग येत असेल तर घरी बनवता येतो. बनवणार असाल तर एक गोष्ट विसरू नका, पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि पीएस-२ च्या तारा ५ व्होल्टच्या, सरळ जोडलं तर पिको खराब होऊ शकतो, मधे व्होल्टेज जुळवून देणारा लेव्हल शिफ्टर लावायचाच, त्याला फार पैसे पडत नाहीत. आणि या कन्व्हर्टरला आणि कीबोर्डला दोघांनाही करंट त्याच एका पोर्टातून मिळतो, म्हणून लाइटिंग नसलेला साधा कीबोर्ड निवडा.

आता प्रेसवाल्यांना कायम पडणारा प्रश्न, नवीन कीबोर्ड लावला तर मराठी टायपिंग बिघडेल का? नाही बिघडणार. वरचं परत बघा, कीबोर्ड पाठवतो तो फक्त कीचा नंबर, म्हणजे ती कुठल्या जागेवरची की आहे एवढंच. त्या जागेचं क करायचं का ो करायचा हे पीसीमधलं सॉफ्टवेअर ठरवतं, मग तुम्ही इनस्क्रिप्ट वापरा नाहीतर रेमिंग्टन. बोटांची सवय तशीच राहते. फक्त आकार बघून घ्या. हल्ली नमपॅड नसलेले, एफ कीजची ओळच नसलेले छोटे कीबोर्ड खूप विकले जातात, दिसतात देखणे, पण जुन्या फॉन्टमधली काही जोडाक्षरं आणि चिन्हं ऑल्ट दाबून नमपॅडवर आकडे मारूनच येतात, नमपॅड नसेल तर हात अडला. तसंच काही कीबोर्डवर एफ कीज आधी आवाज कमी जास्त करतात आणि एफएन दाबल्यावर एफ वन होतात, बायोसच्या वेळेला हे फार त्रासाचं होतं. पूर्ण आकाराचा, नमपॅडवाला, साधा कीबोर्ड घ्या. आणि जुन्या बाजारात टीव्हीएस गोल्ड पीएस-२ पिनेचा चांगल्या अवस्थेत मिळाला तर तोच सगळ्यात उत्तम, खऱ्या मेकॅनिकल कीज आहेत, कन्व्हर्टरची भानगडच नाही.

माऊस आणि बाकीची मंडळी

माऊसचं पण हेच आहे, हिरवा ॲडॅप्टर दोन्ही पद्धती येणाऱ्या माऊसलाच चालतो. चाकाची गोष्ट मात्र मजेशीर आहे. पीएस-२ माऊस मुळात तीन बाइट पाठवायचा, बटणं, आडवं सरकणं, उभं सरकणं. १९९६ ला मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस चाक घेऊन आला तेव्हा चाकाची माहिती चौथ्या बाइटमध्ये घालायची ठरली, पण जुन्या ड्रायव्हरला, म्हणजे माऊस चालवणाऱ्या पीसीमधल्या सॉफ्टवेअरला, चौथा बाइट गेला तर सगळं गडबडणार. म्हणून युक्ती केली, ड्रायव्हरनं माऊसला वेग २०० कर, मग १०० कर, मग ८० कर असं ओळीनं सांगायचं आणि मग ओळख विचारायची. साधा माऊस निमूटपणे वेग बदलतो आणि ओळख ० सांगतो, चाकवाला माऊस हा ठरलेला क्रम ओळखून ३ सांगतो आणि तिथून पुढं चार बाइट पाठवतो. म्हणून जुन्या विंडोजमध्ये पॉइंटर चालतो आणि चाक चालत नाही तेव्हा माऊस बदलू नका, ड्रायव्हर बदला. डॉससाठी क्यूटमाऊस नावाचा मोफत ड्रायव्हर आहे, छोटासा, भरवशाचा.

पीसीला माऊससाठी फक्त नऊ पिनांचं सीरियल पोर्ट असेल तर ती तिसरीच पद्धत, आणि सीरियल पोर्ट माऊसला करंट पण धड देत नाही, खालचा दिवा पेटवणाऱ्या ऑप्टिकल माऊसला तो पुरणं अवघड. तिथं जुना गोळीवाला सीरियल माऊस शोधा किंवा एचआयडीमॅन सारखा कन्व्हर्टर.

वायरलेसमध्ये डाँगलवाला, म्हणजे यूएसबी पोर्टात बसणारा छोटा रिसीव्हर सोबत असलेला घ्या, ब्लूटूथवाला नको. डाँगल पीसीला सांगतो की मी साधा यूएसबी कीबोर्ड आहे, हवेतलं बोलणं तो आपल्या आपण बघतो, त्यामुळं बरेचदा बायोसमध्ये पण चालतो. ब्लूटूथला सगळं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये लागतं, आणि ते वर यायच्या आधी तर काहीच नाही.

मॉनिटरला एकच सांगतो, दिशा बघा. व्हीजीए ते एचडीएमआय आणि एचडीएमआय ते व्हीजीए या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दिसतात जवळपास सारख्या आणि उलट्या लावल्या तर चालत नाहीत. आपल्याला पीसी व्हीजीए आणि मॉनिटर एचडीएमआय अशी हवी. ती लावून विंडोज दिसतं पण बायोसचा काळा स्क्रीन दिसत नाही असं झालं तर घाबरू नका, तो टेक्स्ट मोड ७२० बाय ४०० आणि सेकंदाला ७० वेळा असा असतो, तो बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरना झेपत नाही. व्हीजीए पोर्ट असलेला जुना एलसीडी मॉनिटर मिळाला तर तो सगळ्यात सोपा.

हार्डडिस्क कुरकुर करायला लागली असेल तर कॉम्पॅक्ट फ्लॅश हे मेमरी कार्ड आणि त्याचा आयडीई, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्या रुंद पट्टीच्या केबलचा ॲडॅप्टर हा फार छान पर्याय आहे, आणि इथं मात्र नुसत्या तारांचा ॲडॅप्टर खरंच पुरतो, कारण या कार्डला आयडीईचं बोलणं मुळातच येतं. फार जुन्या बायोसला ५०४ मेगाबाइटच्या पुढचं दिसत नाही एवढं लक्षात ठेवा.

प्रिंटर नवीन घ्यायचा असेल तर स्वस्तातला फक्त यूएसबीचा घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच प्रिंटरचं पान तयार करायचं काम पीसीवरच्या ड्रायव्हरला करायला लागतं आणि एक्सपीचा ड्रायव्हर आता मिळत नाही. ज्याला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषांपैकी एक येते आणि नेटवर्कची वायर लागते असा लेझर घ्या, एक्सपीमध्ये आधीपासून असलेला एखादा जुना लेझरजेट किंवा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर निवडला की बहुतेक वेळा साधं प्रिंटिंग होऊन जातं.

आणि राहिलं ते प्रेसवाल्यांचं हार्डवेअर लॉक. पोर्ट खराब झालं म्हणून यूएसबी ते पॅरलल अशी केबल आणायचा विचार असेल तर पैसे घालवू नका. ती केबल पीसीला फक्त प्रिंटर दाखवते, खरं पॅरलल पोर्ट दाखवत नाही, आणि लॉकचं सॉफ्टवेअर त्या पोर्टाच्या तारा थेट वर खाली करून लॉकला विचारत असतं, त्याला ती केबल कळतच नाही. पीसीआयचं पॅरलल पोर्ट कार्ड लावून बघता येतं, पण लॉकचं सॉफ्टवेअर जुन्या ठरलेल्या पत्त्यावरच पोर्ट शोधत असेल तर तेही अडतं, म्हणून परत करता येईल अशा बोलीवरच घ्या. मदरबोर्डवरचं पोर्ट चांगलं असेपर्यंत लॉक सारखं काढू घालू नका, काढायचंच झालं तर पीसी बंद करून, दोन्ही स्क्रू सैल करून, सरळ ओढून काढा.